आमचं शेठ तत्त्वाचं हायती

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार

ह्येनी कंपनीतनं डायरी आनली. सायबांस्नी वाटून उरल्याली. वरीस सरत आलं म्हनून आमच्या वाट्याला. मी तिसरी शिकल्याली, पन अक्षार बरं हाय. पानापानावर खाली छापलंय, शिस्त पाळा, उत्पादन वाढवा, कंपनी सरकारच्या पाठीशी. वाचून धीर आला. आजपास्नं भ्यायचं न्हाई आसं ठरवलं.

दिवस मावळताना जीप आली. भ्याले.

९ नोव्हेंबर

जीप आपरेशनवाल्यांची. बाप्ये धरून नेत्यात आन नसबंदी करत्यात. विट्याकडच्या एका गड्याला यष्टीतनं उतरवून नेला म्हनं. घरी आला, ताप भरला, आठवड्यात खपला म्हनं. खरंखोटं देव जानं. मी एकवीस वर्साची. पदरात बेबी आन पाच म्हयन्याचं बाळ. ह्यास्नी काय झालं तर मी कुनाच्या दारात जाऊ?

पन ह्ये पंपाच्या कंपनीत पेंटर हायती. गेटाजवळच्या लांब भिंतीवर ह्येनीच लिवलंय, कंपनी सरकारच्या पाठीशी, माझ्यायेवढ्या अक्षरात. मग सरकार कंपनीच्या मानसाला कसं धरील?

शेजारच्या शालूबाईला ह्ये सांगितलं. ती म्हनली, आगं खुळे, पाठीशी हायती म्हनूनच पयलं तिथलं धरतील. हुडकाय लागत न्हाईत, रांगेत हुबं आसत्यात. शालूबाईचा मालक भट्टीवर कामाला. त्येचं डोकं तापल्यालं आसतंय आन हिचं बी. तिचं आइकायचं न्हाई.

१४ नोव्हेंबर, रविवार

बाळगोंडा शेठनी काल सगळ्या कामगारांस्नी गेटावर गोळा करून भाषान केलं. ह्येनी सांगितलं. शेठ म्हनले, सरकार म्हंजे आईबाप. देशाला शिस्त लागली, रेल्वे टायमात आली, संप बंद झालं. कुटुंब ल्हान ठेवन्यात आपली कंपनी जिल्ह्यात फुडं पायजे. 

मी म्हनलं, बघा, मानूस तत्त्वाचा.

शालूबाई म्हनली, तत्त्व कसलं, नवी शेड बांधायची हाय. परवानगी दिल्लीतनं यायची, लोखंड दिल्लीतनं यायचं. उद्या दिल्लीनं डोस्क्यावर टोपलं घ्या म्हनलं तर शेठ दोन घील.

तिला इचारलं, तत्त्व म्हंजे काय ठाऊक हाय का तुला? ती म्हनली, तू सांग. मला नीट सांगता येईना. पन ते शेठकडं हाय, येवढं नक्की.

१९ नोव्हेंबर

जीप चाळीपातुर आली. हिकडं कदी येत न्हवती. समदी गडीमानसं मागच्या उसात. ह्ये घरात हुतं, म्या ह्यास्नी मोरीत बसवलं आन वरनं घागरी रचल्या. नंतर कळलं, जीप वीज मंडळाची. ह्ये भिजलं. शिंकलं.

आसं चालनार न्हाई. पक्का बंदोबस्त पायजे. इचार केलाय. हरिपुराकडं हळदीची पेवं हायती, जमिनीत विहिरीगत खोल, वर झाकान. माझा चुलता तिथं हळद भरतोय. एक पेव रिकामं हाय. जीप आली की ह्येनी सायकलवर जायचं आन पेवात उतरायचं. सरकारच्या बापाला घावनार न्हाई.

२० नोव्हेंबर

ह्ये म्हनले, पेवात आदी कंदील सोडून बगत्यात. इझला तर खाली हवा न्हाई, उतरनारा मरतोय. मी म्हनलं, मग कंदील घिऊन जावा की.  ह्ये म्हनले, येवढ्यापरीस आपरेशन बरं.

मी तोंडावर हात ठिवला. आसलं आशुभ बोलाय नगं.

२४ नोव्हेंबर

पेव ऱ्हाऊ द्या. सातारकडं धाडायचं. रहिमतपुराच्या फुडं सासरचं गाव. आत्याबाई, म्हंजी माजी सासू, एकटीच आसतीया. आडबाजूला गाव, तिथं कोन जातंय धराय. पंधरा दिस रजा काढून ह्ये तिकडं, मी हिकडं, वारं फिरलं की माघारी. भाकरी, शेंगाची चटनी बांधून दिली. रेल्वेत बसवलं. लय दिसांनी गाढ झोपले.

२६ नोव्हेंबर

ह्ये माघारी आलं.

गावात तर आनी बेकार. मास्तरांस्नी मानसं आनून द्यायचा हुकूम हाय, न्हाई आनली तर पगार थांबतोय. ह्ये उतरल्या उतरल्या मास्तर दारात. आवं पावनं, कवा आला, पोरं किती, तब्येत बरी दिसतीया. आत्याबाईनी चुलीतलं लाकूड काढलं तवा मास्तर गेला. रातीला ह्ये देवळात झोपलं, पहाटंच्या गाडीनं माघारी. आत्याबाईचा निरोप हाय, तिसरं नातवंड बघितल्याबिगर मी डोळं मिटनार न्हाई, पोराला सांबाळ.

बगा, म्हंजी बाहेर कुटंबी धोका. कंपनीतच बरं. कंपनी आपली. मी उगंच पळापळ केली.

९ डिसेंबर

मॅनेजरनी ह्यास्नी आन आनी सहा जनांस्नी हापिसात बोलावलं. ह्ये टेंपरवारी. चार वर्सं टेंपरवारी. मी म्हनलं, परमनंट करायचं आसंल. ह्ये म्हनले, तसंच कायतरी. तोंड बारीक हुतं. चांगली बातमी आली की ह्येंचं तोंड आसंच हुतंय, लग्नात बी आसंच हुतं.

११ डिसेंबर, शनिवार

काल ह्ये घरी आलं न्हाईत. मिरजंला दवाखान्याच्या बोर्डाचं काम निगालं, म्हनून निरोप आला. कंपनीच्याच मोटारीनं सातबी जनांस्नी नेलं. पेंटरला मोटार. शालूबाईला सांगितलं. ती हातातलं निवडायचं सूप खाली ठिवून म्हनली, सात जनं मिळून एक बोर्ड? मी म्हनलं, मोटा आसंल. ती सूप उचलून घरात गेली. शालूबाई गप बसती म्हंजी जळती.

आज दुपारी ह्ये आलं. शिडीवरनं पडलं म्हनं. पाय फाकून चालत्यात. हळद गरम करून दिली, म्हनलं कुटं लागलं दावा, तर म्हनले, नगं, माजं मी लावतो. शेठनी ब्लँकेट आन ब्याटरी बक्षीस दिली. आठ दिस हलकं काम. पडल्याल्या पेंटरला ब्लँकेट देनारा शेठ सांगा मला सातारा-सांगलीत दुसरा.

१२ डिसेंबर

शेठच्या मळ्यात सात जनांस्नी जेवान. पुरनपोळी. शेठनी हार घातलं, पाठीवर हात फिरवला, म्हनले, देशसेवा केलीसा. बोर्ड रंगवला तर देशसेवा. मला भरून आलं. ह्येनी पोळी खाल्ली न्हाई, बेबीला बांधून आनली.

२० डिसेंबर

ह्ये बदलल्यात. भिंतीकडं तोंड करून झोपत्यात. पन भ्या न्हाई ऱ्हायलं त्यास्नी. सकाळी जीप आली, समदी उसात, ह्ये दारात बसून दाडी करत ऱ्हायलं. मी वडलं, म्हनलं, मोरीत चला. ह्ये म्हनले, राही, मला काय करत न्हाईत आता. आन कायतरी सांगाय लागलं. म्या आइकलं न्हाई, घागरी उचलाय गेले. घागरी उचलून आले तर जीप गेल्याली. ह्येंचं तोंड धुवून झाल्यालं.

धीर म्हंजी आसा पायजे. शेठवर भरवसा ठिवला की येतोय. मला अजून येत न्हाई. मला रोज वाटतंय, आज नेतील.

२ जानेवारी १९७७

नवी डायरी मिळाली न्हाई. छापून आल्यात पन वाटल्या न्हाईत. जुन्याच डायरीत सुरवातीची पानं मोकळी, तारखा खोडून लिवतीया.

बाळाला ताप. हितल्या डाक्टरकडं न्यायचं धाडस झालं न्हाई. दवाखान्यात गेलं की नावं लिवून घेत्यात, बापाचं नाव काय, पोरं किती. तुळस उगाळून पाजली. रातभर मांडीवर. देवा, येवढं एक नीट कर. दोन हायती म्हनून दोन ऱ्हात्यात आसं न्हाई.

४ जानेवारी

ताप उतरला. ह्ये बाळाकडं बघून रडलं. म्हनले, ह्येला जप, आता ह्योच. मी म्हनलं, ह्योच कशानं? आत्याबाईस्नी तिसरं पायजे. ह्ये भाईर गेलं.

१५ जानेवारी

शेठच्या बंगल्यावर दर वरसाला हळदीकुकू आसतंय. औंदा रथसप्तमीला हाय. कामगारांच्या बायकांस्नी बी बोलावनं. मला सुचलं. शेठीनबाई गुनमालाबाईस्नी एकटं गाठायचं आन पदर पसरायचा. आक्का, आमचं ह्ये तेवढं आपरेशनच्या यादीतनं वगळा. बाईमानसाला बाईमानूस समजतंय.

आन तिथं नाव घ्याय लावत्यात. तवा आसा उखाना घ्यायचा की शेठनी आइकला पायजे. सरकारचं आन कंपनीचं दोन्हीचं कौतुक त्यात. भिंतीवरचं तत्त्वच उखान्यात घालनार. उद्यापास्नं जुळवनी.

२१ जानेवारी

विलेक्शन हुनार म्हनं. तुरुंगातलं पुढारी सोडल्यात. चाळीत रेडूभोवती गर्दी. आमच्या चाळीसमोरच्या गल्लीतलं एक पुढारी बी सुटून आलं, दीड वरीस आत हुतं. दाडी वाडल्याली. शालूबाई म्हनली, आता बग शेठ कसा फिरतोय. मी म्हनलं, तत्त्वाचा मानूस फिरत नसतोय. उखाना पाठ झाला.

२६ जानेवारी, रातीला

भांडी तशीच पडल्यात. तरी लिवते.

बंगल्यावर पन्नासेक बायका. गादीवर मदी बसल्याली मोटी पावनी मला वळखीची न्हवती. काटापदराचं लुगडं, हातात एकच काकन, पाठ ताठ. गुनमालाबाई तिलाच जपत हुत्या. पयलं अत्तर तिला, पयलं गुलाबपानी तिला. मी म्हनलं, कलेक्टरीन आसंल.

माजी पाळी आली. समद्या म्हनल्या, घे गं राही, नाव घे. शेठ बी दारात हुबं हुतं. मी डोळं मिटून म्हनलं,

पंपाला पाईप, पाईपाला नळ,
सरकारच्या पाठीशी कंपनीचं बळ,
तुरुंगात पुढारी, सरली कळ,
जोतीरामांचं नाव घेते, हळदीकुकवाची येळ.

कुनी हसलं न्हाई. एक लेकरू रडत हुतं, ते बी गप झालं.

शालूबाईनी मागनं चिमटा काढला. कानात म्हनली, सटवे, ती हरनाबाई. सुटून आलेल्या पुढाऱ्याची बायकू.

हरनाबाईनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता मारती. तिनं कपाळाला कुकू लावलं आन म्हनली, उखाना ब्येस जुळवला गं पोरी. फकस्त कळ आमची हुती. दीड वरीस घरात चार लेकरं आन मी. कुनी दारात हुबं ऱ्हायलं न्हाई, हे शेठबी न्हाईत. आज एकदम अत्तर.

गुनमालाबाई घाईनं म्हनल्या, आवं ताई, ह्या कामगारांच्या बायका, भिंतीवरचं वाचून पाठ करत्यात. आन ती भिंत तरी आमी कुटं रंगवली? हिच्या नवऱ्यानं हौसेनं रंगवल्याली. आमचा काय हात न्हाई त्यात.

मला भ्या वाटलं, पन आत कुटंतरी बरं बी वाटलं. येवढ्या बायकांत ह्येंच्या कामाचं नाव निगालं.

निगताना जिन्यापाशी गुनमालाबाईस्नी गाठलं. पदर पसरला. म्हनलं, आक्का, चुकलं माजं, पन आमच्या ह्यास्नी वगळा. त्येनी माजा पदर सारखा केला. मग म्हनल्या, तुज्या नवऱ्याला आता कुनी हात लावनार न्हाई. जा घरी.

दिला शब्द! जैन बाईचा शब्द हाय. खोटं बोलायची न्हाई.

२७ जानेवारी

सकाळीच ह्यास्नी भिंतीवर चुना मारायचा हुकूम. शेठ सोता खुर्ची टाकून बसलं. म्हनले, जोतीराम, तू आगाऊपना करून लिवलंस, आता तूच पूस. ह्ये म्हनले, शेठ, मजकूर तुमी कागदावर लिवून दिला हुता. शेठ म्हनले, कागद दाव. ह्येनी कागद वर्सापूर्वीच रंगाच्या डब्याखाली घातल्याला.

ह्ये घरी येऊन जेवलं न्हाईत. मी म्हनलं, वाईट वाटून घिऊ नगा. शेठला लोकांसमोर तसं बोलाय लागतंय. मनातनं ते सरकारच्याच पाठीशी.

९ फेब्रुवारी

चाळीतल्या बायकांस्नी घरबसल्या काम मिळालं. नव्या डायऱ्या. हरेक पानाची खालची पट्टी कातरायची, जिथं सरकारच्या पाठीशी छापलंय ती. पुस्ता बांदल्याला, कातर धड बसत न्हाई, पान फाटतंय. शालूबाई म्हनली, तत्त्व कातरतोय आपून, नीट धर. मी म्हनलं, कागूद लांब झाला आसंल. ती हसून हसून खोकली.

माज्या जुन्या डायरीची पट्टी म्या कातरली न्हाई. ऱ्हाऊ द्या. धीर येतोय.

२२ मार्च, मंगळवार

सरकार पडलं! दिल्लीत नवं लोक आलं. सांगलीत मातूर जुन्याच पार्टीचा निवडून आला. शेठ सकाळी घरातनं भाईर आलं न्हाईत. ड्रायव्हर म्हनला, दोन हार आनून ठिवल्यात, कुठला कुनाला ते ठरंना.

आपरेशनची जीप बंद. समदे म्हनत्यात, आता कुनाला धरत न्हाईत.

मी जिकले! चार म्हयनं पदराखाली झाकलं ह्यास्नी. मोरी, रहिमतपूर, हळदीकुकू. समद्यांस्नी नेलं, माज्या मानसाला न्हेता आलं न्हाई. आत्याबाईस्नी पत्र टाकलं, तुमचं पोरगं सुकरूप हाय, आता तिसऱ्याचं बगू. ह्यास्नी वाचून दावलं. ह्ये म्हनले, टाकू नगंस. तवर टाकल्यालं.

८ एप्रिल

परवा रविवारी कंपनीत सभा. सुटून आलेल्या पुढाऱ्यांचा सत्कार शेठच्या हातनं. दिल्लीत त्येंच्याच लोकांचं राज्य. ह्यास्नी स्टेजवर बसवनार हायती, तेच सात जन. मी चाळभर सांगितलं, बोर्ड रंगवल्याचा मान. शेठ इसरत न्हाईत. ह्ये म्हनले, तू येऊ नगंस. मी का न्हाई? हिरवं लुगडं काडलंय.

१० एप्रिल, रविवार

फुडच्या रांगेत बसले. बेबी मांडीवर, बाळ शालूबाईकडं.

शेठ माईकवर आलं. म्हनले, गेल्या राजवटीत लय जुलूम झाला. आपली कंपनी मनातनं कायम लोकांच्या बाजूला हुती, पन तोंड दाबून ठिवल्यालं. आन ह्यो जुलूम कसा हुता ते बगायचं आसंल तर ह्या सात भावांकडं बगा. मग नाव घेतलं, जोतीराम, हुबा ऱ्हा.

मीच पयली टाळी वाजवली.

शेठनी डोळं पुसलं. म्हनले, ऐन जवानीत आपरेशन केलं ह्या पोरांवर. कंपनी काय करू शकली न्हाई, ह्येचं मला मरस्तवर दुक.

माजं हात तसंच. शालूबाई हळूच म्हनली, मला डिसेंबरापास्नं ठाऊक हुतं राही. कसं सांगू. ह्याच शेठनी धाडलं, ह्याच सातांस्नी, हारसुदीक.

ह्ये स्टेजवर हुबं. खाली बगत हुतं. हार लय मोटा हुता, तोंड दिसत न्हवतं. बेबी म्हनली, आई, आप्पा नवरदेव.

पुढाऱ्यांनी हार गळ्यातनं काडून ठिवला. येवढंच म्हनले, शेठ, कंपनीच्या मोटारीला तरी तोंड हुतं का? लोकं हसली. शेठ बी हसलं.

११ एप्रिल

ह्येनी समदं सांगितलं. मॅनेजर म्हनला हुता, करून घ्या, परमनंट करतो, न्हाई तर उद्यापास्नं येऊ नगा. ह्येनी मला सांगायचं चारदा केलं. मी दर खेपंला घागरी उचलल्या.

आज सात जनं हापिसात गेलं. म्हनले, आता परमनंट करा. शेठ म्हनले, करता येत न्हाई रं. आता केलं तर लोक म्हनतील, लालूच दावून केलं. कंपनीच्या तत्त्वाचा सवाल हाय.

१३ एप्रिल

म्हंजी जे हुईल म्हनून मी भीत हुते, ते मी भीत आसतानाच होऊन गेलं हुतं. म्या उरल्यालं समदं भ्या फुकट घेतलं. पन गेलं न्हाई ते. सकाळी उठलं की हायच.

आत्याबाईचा निरोप आला. पत्र वाचून म्हातारीला आनंद झाला. शनिवारी येत्यात, तिसऱ्यासाठी झबली शिवून घिऊन.

त्यास्नी कोन सांगनार म्हनून आमी दोगं दारात बसलोय. ह्ये म्हनले, तू सांग. मी म्हनलं, तुमची आई हाय, तुमी सांगा. ह्ये म्हनले, माजी जीब उचलत न्हाई. मी म्हनलं, मग शेठलाच बोलवा. त्येंला दोन्ही बाजूनी बोलाय येतंय.

ह्ये हसलं. पाच म्हयन्यात पयल्यांदा. हसता हसता माज्या खांद्यावर डोस्कं टेकलं आन थरथराय लागलं. हसत्यात का रडत्यात कळंना. मी इचारलं न्हाई. शनिवारला तीन दिस हायती.